ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होतो. "भाऊ, या तुम्ही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "घाई नका करू. गाडी हळू चालवजा." एवढंच. ताईंना धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवल्यापासून वहिनींचे जितके फोन आले, त्या प्रत्येकात 'लवकर या' होतं. मग औषध आणायचं असो, डॉक्टरांना भेटायचं असो, की नुसता ताईंना पेपर वाचून दाखवायचा असो. आज घाई नव्हती... मला समजलं. हातातला शर्ट तसाच धरून मी कठड्याला टेकलो. खरं सांगायचं तर पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार आला की हे ताईंना सांगायला पाहिजे. त्या खूश झाल्या असत्या. "पाह्य," म्हणाल्या असत्या, "मेली म्हटलं नाही, गेली म्हटलं नाही, अन् सारं सांगून दिलं. आता कर बरं हे इंग्रजीत."

सुजाताताई हेच काम करायच्या. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या चिनी घराघरांतल्या गोष्टी त्या इंग्रजीत आणत. नंदनवनमधल्या दोन खोल्यांच्या घरात, धाकट्या भावाच्या बायकोसोबत, म्हणजे मंदावहिनींसोबत, राहून हे काम करणारी बाई नागपुरात आहे, हे नागपुरातच फार लोकांना ठाऊक नव्हतं. भाऊ वारल्यावर नणंद-भावजय दोघीच त्या घरात उरल्या होत्या. गल्लीत ताईंना 'चायनावाली मॅडम' म्हणत, आणि कुणाच्या मोबाइलच्या खोक्यावर चिनी अक्षरं असली की ते खोकं घेऊन त्यांच्या दारात येत. ताई चष्मा लावून वाचत आणि गंभीर चेहऱ्याने सांगत, "पाण्यापासून दूर ठेवजो म्हणते."

त्या चिनी शिकल्या त्याला कारण त्यांचे वडील. तरुणपणी त्यांनी दीक्षा घेतली होती, आणि बुद्धाचे किती तरी ग्रंथ इकडे नष्ट झाले पण चिनी भाषेत टिकले, हे कुठल्याशा भाषणात ऐकल्यापासून त्यांच्या मनात एकच होतं, की आपल्या घरातल्या कुणीतरी ते वाचावेत. ताई पाली शिकल्या, मग शिष्यवृत्ती मिळवून चीनला गेल्या. तिथे वसतिगृहातल्या एका म्हाताऱ्या देखरेखवाल्या बाईने त्यांना भाषा सुधारावी म्हणून जुन्या गोष्टींचं एक फाटकं पुस्तक दिलं, आणि ताई त्या गोष्टींत अडकल्या त्या कायमच्या. परत आल्यावर वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "बुद्धाचं वचन आणाले पाठवलं होतं पोरीले, सासू-सुनाइची भांडणं घेऊन आली!" बोलत रागाने, पण रोज संध्याकाळी एक गोष्ट ऐकल्याशिवाय जेवत नसत. ताईंनी सूत्रंही वाचली, दोन-चार लेखही लिहिले. पण जीव होता तो त्या भांडणांत.

माझा संबंध आला तो इंग्रजीमुळे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. दिल्लीच्या एका प्रकाशकाने ताईंकडून बारा गोष्टींचं पुस्तक मागितलं होतं आणि त्यांना आपलं इंग्रजी 'सरकारी' वाटत होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी एका रविवारी गेलो आणि पुढे कित्येक वर्षं रविवारी जातच राहिलो. कामाची रीत अशी, की ताई चिनी वाक्य आधी मनात वाचत, मग आपल्या वऱ्हाडीत मोठ्याने बोलत, आणि मी ते इंग्रजीत धरायचा प्रयत्न करायचो. उन्हाळ्यात कूलर इतका घरघरायचा की ज्या गोष्टी त्या चिनी बायकांनी एकमेकींच्या कानात सांगितल्या असतील त्या आम्ही ओरडून बोलायचो. शेजाऱ्यांना वाटत असेल, यांच्याकडे दर रविवारी भांडण असतं.

वाक्य वऱ्हाडीत बसलं की ताई ते स्वयंपाकघराच्या दिशेने फेकत. तिथे वहिनी. हीच आमची परीक्षा. एक प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. व्यापाऱ्याच्या घरातली धाकटी बायको मंदिरातून उशिरा येते. थोरली दारातच बसलेली. गोष्टीत पुढे फक्त तिचं बोलणं आहे, ती कशी बोलली, तिच्या मनात काय आलं, काही नाही. ताईंनी आवाज चढवला, "मंदे, ऐक. थोरली म्हणते, 'तिकडं पाणी आलं होतं काय वं? इकडं तं कोरडंच होतं.' काय म्हणून राहिली ते?"

वहिनींनी वांगं चिरता चिरता मान वर केली. "पकडली नं तिले! लुगडं ओलं दिसलं असन. मंदिरात नाही गेली ते, नदीकडं गेली कोणाले भेटाले."

मी माझ्या कागदावर 'म्हणाली'च्या पुढे 'सस्पिशियसली' असा एक शब्द घातला होता. ताईंनी त्यावर बोट ठेवलं. "हे काहून घातलं गा? मंदीले लागलं का हे?" मी म्हणालो, इंग्रजी वाचकाला कळायला नको का. त्या म्हणाल्या, "कळन. नाही कळलं तं दोन पानं पुढं जाऊन कळन, अन् मग थो मागं येऊन वाचन. त्याचा थो आनंद तू काहून हिसकून राहिला?" शब्द गेला. वहिनी दर वेळी बरोबरच असत असं नाही. एकदा तर एका पोक्त विधवेच्या साध्या चौकशीत त्यांनी विषप्रयोगाचा कट शोधून काढला होता, आणि ताई हसून हसून खोकायला लागल्या होत्या. पण वहिनींना काहीच वाटलं नाही, तर वाक्यात आम्ही काहीतरी सांडलं आहे हे नक्की समजायचं.

सगळ्यात छळलं ते नात्याने हाक मारण्यानं. एका गोष्टीत धाकटी नेहमी थोरलीला 'ताई' म्हणते, आणि एका सकाळी अचानक 'मालकीणबाई' म्हणते. बस्स, त्या एका हाकेत त्यांचं वीस वर्षांचं नातं संपतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'! तीन रविवार त्यात गेले. शेवटी ताईंनीच तोड काढली. त्या धाकटीच्या तोंडी एरवी आम्ही तोडकी, अर्धी वाक्यं दिली होती. त्या सकाळी तिला पूर्ण, इस्त्री केलेलं वाक्य द्यायचं. मी ते लिहून वाचून दाखवलं. ताईंनी कपावर झाकण ठेवलं.

त्या कपाबद्दल सांगायलाच हवं. चीनमधून आणलेला झाकणाचा कप होता तो, पांढरा, त्यावर निळा मासा, झाकणाची कड एका बाजूने उडालेली. जमेपर्यंत झाकण उघडं राहायचं आणि चहा निवत जायचा. वाक्य जमलं की 'टक्' करून झाकण बसायचं. त्यानंतर त्या वाक्याबद्दल बोलायचं नाही. माझ्या बायकोला मी सांगायचो, आज दोनच झाकणं झाली.

दिल्लीच्या संपादकांशी आमची खरी लढाई झाली ती एका नकारावरून. गोष्टीत एक सावकार आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना शाल देतो. गुरुजी नको म्हणतात. तो पुन्हा देतो, ते पुन्हा नको म्हणतात. तिसऱ्यांदा घेतात. संपादकांनी लिहिलं, ही पुनरावृत्ती आहे, एकदाच ठेवा. ताई इतक्या संतापल्या की त्या दिवशी पोहे तसेच राहिले, त्यावरची तर्री गोठून गेली. "पहिलं नाही लोकाइसाठी असते," त्या मला म्हणाल्या, "दुसरं देणाऱ्याचं मन पाहाले. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तरच थे नाही. त्याइले लिही, तीन म्हणजे तीन!" मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या काटोलकडच्या घरी आई बजावून पाठवायची, कुणी काही दिलं तर लगेच हात पुढे करायचा नाही. पंगतीत पहिल्या आग्रहाला भाजी घेतली तर घरी येऊन बोलणी बसायची. आम्ही लिहिलं, भांडलो, आणि तिन्ही नकार पुस्तकात राहिले. आजही आहेत, पान उघडून बघता येतात.

पुस्तक छापायला जायच्या सुमारास, असाच एक रविवार. वहिनी बाहेर वाळवण उलटं करत होत्या. ताई पोह्यांवर कोथिंबीर टाकत म्हणाल्या, "दिनू, दिल्लीवाल्याइचा फोन आला होता. कव्हरवर तुझं नाव टाकाचं काय माह्यासंग? सांगून देऊ?"

इतकी वर्षं... मला ते नाव हवं होतं. किती हवं होतं हे त्या क्षणापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको ताई, माझं काय त्यात. काम तुमचं आहे."

"बरं," ताई म्हणाल्या, आणि कपावर झाकण ठेवलं.

मी पोहे खात थांबलो. चहा झाला. त्या पुन्हा विचारतील म्हणून मी उगीच पेपरातल्या जाहिराती वाचल्या. निघताना फाटकाशी रेंगाळलो. ताई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "हेल्मेट घाल." बस्स. पुस्तक आलं, देखणं आलं. आत, आभाराच्या पानावर माझं नाव होतं, दिल्लीतल्या एका ग्रंथपालाच्या आणि वहिनींच्या मधे.

मला राग आला. हसू येईल इतका राग आला. तीन नकारांसाठी दिल्लीशी भांडलेली बाई, तिला माझा एक नकार वाचता येऊ नये? मेलेल्या चिनी बायकांच्या मनात काय होतं हे ओळखणार, आणि समोर बसलेल्या जित्या माणसाच्या मनातलं दिसेना! मी ठरवलं की बोलायचं नाही. मग ताईंनी दुसऱ्या पुस्तकाचं काम काढलं, एकच लांबलचक गोष्ट, तीन पिढ्यांची. मी दोन रविवार गेलो, तिसऱ्या रविवारी फोन केला की कॉलेजचे पेपर तपासायचे आहेत. त्या म्हणाल्या, "बरं, मोकळा झाला की ये." पुढच्या खेपेला पाहुणे. मग कंबर. मी एकेक कारण द्यायचो आणि मनात म्हणायचो, आता तरी विचारा, काय झालं रे, काहून येऊन नाही राहिला? त्या विचारायच्या, "कंबरेले तेल लावतं का?" आणि खरोखरच एकदा लकडगंजातून कुठल्याशा वैद्याचं तेल आणून वहिनींच्या हाती पाठवलं. ती बाटली मी रागाने तशीच ठेवून दिली... कंबर दुखतच नव्हती, लावणार कुठे?

रविवार मग महिन्यातून एक झाला, पुढे सणावारी. दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट दुसऱ्या पिढीत येऊन थांबली. ताईंनी दुसरा कुणी इंग्रजीवाला शोधला नाही. मी विचारलं तर म्हणत, "तू मोकळा होशीन तेव्हा करू. चारशे वर्षं थांबली थे गोष्ट, अजून थांबन."

थांबल्या नाहीत त्या ताई. फुप्फुसाचं दुखणं निघालं आणि दोन ऋतूंत सगळं आटोपलं. दवाखान्यात मी जायला लागलो तेव्हा रागाचं नावसुद्धा आठवत नव्हतं, उरली होती ती नुसती लाज. शेवटच्या भेटीत त्यांनी नाकावरची नळी जरा सरकवून विचारलं, "या रविवारी मोकळा राहशीन का गा?" मी म्हणालो, "येतो ताई. आता दर रविवारी येतो." आणि हे मी मनापासून बोललो होतो, एक नकार नाही की एक सबब नाही. "मग ठीक आहे," म्हणून त्यांनी डोळे मिटले. पूर्ण विश्वासाने मिटले. रविवारच्या आधीच वहिनींचा तो फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलेलं होतं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, ताईंचा फोटो, गल्लीतली खोकी वाचून घेणारी मंडळीसुद्धा. त्या गर्दीत काही बोलणं झालं नाही. ती पांगल्यावर, दोन-अडीच आठवड्यांनी, मी एका रविवारी नेहमीच्या वेळेला गेलो. वहिनींनी पोहे केले होते. टेबलावर ताईंचे कागद तसेच, चष्मा तसाच, कूलर बंद. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. मग वहिनींनीच सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही येणं काहून बंद केलं होतं?"

मी सांगून टाकलं. कव्हर, पोहे, फाटक, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. वहिनी आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून खुर्चीवर बसल्या.

"मी म्हटलं होतं ताईले," त्या म्हणाल्या. "बाहेरून ऐकलं होतं मी. तुम्ही गेल्यावर म्हटलं, वं ताई, अजून एक खेप विचारा भाऊले, वरवर नाही म्हणते थो माणूस. तं माह्यावरच चिडली. म्हणे, 'दिनू नाही म्हणाला म्हणजे नाही. दिवसभर या बायकाइच्या मनातलं हुडकता हुडकता डोकं पिकून जाते माह्यं. थो एकटा आहे ज्याच्यासंग मले अर्थ लावत बसा लागत नाही.'"

इतकी वर्षं मी समजत होतो की ताईंना मी वाचता आलो नाही. त्यांनी वाचलंच नव्हतं मला. वाचायची गरज नसलेला एक माणूस त्यांनी आपल्यापुरता धरून ठेवला होता, आणि तो मी नव्हतो. कॉलेजचे पेपर, पाहुणे, कंबर, सगळं त्यांनी शब्दशः घेतलं होतं, तेलाच्या बाटलीसकट. पोहे गार होत होते. खूप वाईट वाटलं. अजून वाटतं. एकदाच फाटकाशी उभं राहून 'ताई, टाका ना माझं नाव' असं म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, 'मग आधी काहून नाही म्हटलं गा?' आणि फोन उचलला असता. इतकंच झालं असतं. आणि दुसऱ्या पुस्तकाची ती गोष्ट तिसऱ्या पिढीत पोचली असती. आता ती पोचणार नाही. मला चिनी येत नाही, आणि ज्या वऱ्हाडीतून ती माझ्यापर्यंत यायची ती कुणी कधी लिहून ठेवली नाही. ते सगळं कूलरच्या घरघरीत बोलून झालं, हवेत गेलं.

मी निघालो तेव्हा वहिनी आत गेल्या आणि कप घेऊन आल्या. निळा मासा, कड उडालेलं झाकण. "हा तुम्ही घेऊन जा भाऊ."

नको वहिनी, तुमच्याकडेच राहू द्या... हे शब्द जिभेवर आलेच होते. जन्माची सवय, ती एका दुपारीत कुठे जाते? शिवाय वहिनींना तो कप हवा असणार, त्यांच्या घरात ताईंचं आता उरलंय काय, हेही डोक्यात आलं. तरी मी हात पुढे केला आणि म्हणालो, "द्या."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग कप जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, हो म्हटलं. ताईनं दवाखान्यात सांगतलं होतं, कप दिनूले देजो. म्हणे, एकदाच विचारजो. नाही म्हणाला तं तू ठेव."

"एकदाच?" मी विचारलं. "कसं म्हणाल्या? हसून म्हणाल्या का?"

"तोंडावर मास्क होता भाऊ," वहिनी म्हणाल्या. "काही समजलं नाही."

तो कप आता माझ्या टेबलावर आहे. ताईंना शेवटी सगळं कळलं होतं आणि जाता जाता त्यांनी मला एक टपली मारली, की अखेरपर्यंत त्यांचा माझ्या शब्दावर तसाच भरवसा होता... 'एकदाच विचारजो' हे मी दोन्ही तऱ्हांनी पुन्हा पुन्हा म्हणून बघतो. दोन्ही बसतात. रविवारी मी त्यात चहा घेतो. झाकण बाजूला काढून ठेवलेलं असतं, आणि चहा निवत जातो.